शेवटच्या नावापासून वाचणाऱ्या बाई

अन्याय झाला त्यांचं नाव कुंदा गायकवाड. राहणार मुरबाड, एस.टी. स्टँडच्या मागची गल्ली. व्यवसाय, टायपिंगचे वर्ग. अन्याय झाला तो २००९ सालच्या जानेवारीत, दुसऱ्या मंगळवारी, दुपारी सव्वातीन वाजता. वेळ पक्की सांगते, कारण सव्वातीनची बॅच नुकतीच बसली होती, मी पत्रक टाइप करून न्यायला आले होते, आणि बाईंनी रोजच्यासारखं शिकवायला घेण्याआधी संगणकावर आपल्या, लिहिणाऱ्यांच्या यादीचं पान उघडलं होतं.

यादी उलटी झाली होती. सकाळपर्यंत जी नावं वर होती ती तळाला गेली होती आणि तळाची वर आली होती. प्रत्येक नावाखाली बाईंनी स्वतः वाचून लिहिलेली एकेक ओळ असायची, त्या सगळ्या ओळी पुसलेल्या होत्या. पानाच्या पायथ्याशी ‘यादी सांभाळणार : कुंदा गायकवाड, मुरबाड’ असं होतं, तेही गेलं होतं.

यात कुणाचं घर पडलं नाही की कुणाला मार बसला नाही. त्यामुळे निषेधही कुणी केला नाही. मी आजवर हातपंपासाठी पत्रकं लिहिली, रस्त्यासाठी लिहिली, रेशनच्या रॉकेलसाठी लिहिली. हे एक लिहायचं राहिलं होतं. आणि ते लिहायचं तर बाई कशा होत्या ते आधी सांगावं लागेल, नाहीतर यादी उलटी होण्यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल.

बाईंचा वर्ग पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यावर होता. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलं थरथरायची. नवीन मुलं कुरकुरायची. बाई म्हणायच्या, “इथे हलत्या टेबलावर शिकलास की परीक्षेला तुझी बोटं पळतील. सराव फुकट मिळतोय तर घे.” गिरणीचं पीठ जिन्यावरून वर यायचं आणि मशीनच्या बटणांत जाऊन बसायचं. म्हणून बाईंच्या कमरेला एक छोटा ब्रश कायम खोचलेला. कुणाशीही बोलताना त्यांचा हात बटणांमधलं पीठ झाडत असायचा. तुम्ही खूप महत्त्वाचं काही सांगत असाल तरीही. ब्रश थांबला की समजायचं, आता बाई ऐकतायत.

मी पहिल्यांदा गेले २००४ मध्ये. आमच्या संघटनेचा मोर्चा मुरबाडच्या तहसील कचेरीवर जायचा होता आणि पत्रक तिथेच टाइप करायचं ठरलं होतं. आसनगावहून शहापूर, शहापूरहून किन्हवली-सरळगावच्या एस.टी.ने मुरबाड, असं करत पोचले तेव्हा हातातला कागद घामाने मऊ झाला होता. बाईंनी तो घेतला. वाचला. माझ्याकडे पाहिलं.

“प्रति कोण?”

“म्हणजे?”

“हे कुणाला लिहिलंयस?”

“वर लिहिलंय ना. तमाम जनतेस जाहीर आवाहन.”

“तमाम जनता.” बाईंनी कागद उलटा करून पाहिला, मागे पत्ता असावा तसा. “ही राहते कुठे गो? मुरबाडात तर नाय. टोकावड्याला असेल तर तीनची एस.टी. आहे, भेटून ये.”

बॅचमधली पोरं खिदळली. मी म्हटलं, आम्हाला भाषण नकोय, टायपिंग हवंय. बाईंचा ब्रश थांबला.

“तेच करतेय. पत्राला ‘प्रति’ लागतो. ज्याला लिहितेस त्याचं तोंड समोर आण, आणि मग बघ हे ‘जाज्वल्य’ लिहायला हात उचलतो का. तीनदा लिहिलंयस.”

मी मोजलं. तीनदाच होतं.

शेवटी पत्रक निघालं ते असं : ‘प्रति, पाण्याला दिवसातून दोनदा जाणाऱ्या सर्व बायका.’ मोर्चाच्या दिवशी बाया रस्त्यात थांबून ते वाचत होत्या, ज्यांना वाचता येत नव्हतं त्या दुसरीकडून वाचून घेत होत्या. आमच्या पत्रकांचं सहसा काय होतं ते मला माहीत होतं. भजी बांधतात. त्या दिवसापासून बाई मला नावाने हाक मारेनाशा झाल्या. “ए पत्रक, इकडे ये.” झालं, मुरबाडात माझं तेच नाव.

बाईंचं चरित्र मला ठाऊक नाही आणि त्यांनी सांगितलंही नाही. लग्न केलं नव्हतं. वडील पंचायत समितीत शिपाई होते, वस्तीतले लिहायला-वाचायला शिकलेले पहिले. धम्म स्वीकारल्यावर शिकले, असं बाई एकदा म्हणाल्या होत्या. वस्तीत कुणाचं पत्र आलं की ते वाचायला त्यांच्याकडे यायचं. “सगळ्यांची पत्रं त्यांनी वाचली. त्यांना एकाचंही आलं नाय,” एवढंच एक वाक्य, तेही बटणं झाडताना.

आता अंकुश. तो टोकावड्याचा. मुरबाड-माळशेज रस्त्यावर त्याच्या वडिलांचा धाबा. सरकारी नोकरीसाठी टायपिंगची परीक्षा द्यायला आला आणि दोनदा नापास झाला. वेग चांगला होता. नापास व्हायचं कारण वेगळंच होतं. परीक्षेत छापील उतारा देतात, तो जसाच्या तसा टाइप करायचा असतो, आणि अंकुश उतारा सुधारायचा.

बाईंनी त्याचा सरावाचा कागद समोर धरला तेव्हा मी तिथे होते.

“अंकुश, ‘अतिवृष्टीमुळे अर्जदाराच्या घराची भिंत कोसळली’ इथपर्यंत बरोबर. पुढे हे काय?”

“कुठं?”

“‘त्या वेळी म्हातारी आत होती व तिने हंडा डोक्यावर घेतला.’ हे उताऱ्यात नाय.”

“नाय बाई. पन असाया पायजे ना. भित पडली लिवलंय, आत कोन व्हतं त्ये लिवलंच नाय.”

“परीक्षकाला ते नको असतं रे.”

“मला पायजे.”

बाईंनी कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, “तू परीक्षा सोड. लिही.”

तोवर माळ्यावर तीन संगणक आले होते. फोनच्या वायरीतून येणारं इंटरनेट, कुणाचा फोन आला की तुटणारं. ब्लॉग नावाची गोष्ट फुकट असते आणि त्यावर कुणीही लिहू शकतो, हे बाईंना कल्याणच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं. त्यांनी अंकुशला ब्लॉग काढून दिला. अंकुश धाब्यावर जेवणाऱ्यांबद्दल लिहायचा. घाट चढायच्या आधी कोण कमी खातो. कोण देवाला हात जोडतो आणि कोण टायरला. एक ट्रकवाला नेहमी दोन ताटं सांगतो, एक खातो, दुसरं झाकून ठेवायला लावतो आणि निघून जातो. असं.

दोन महिन्यांनी अंकुश आला आणि बाकावर धपकन बसला.

“बाई, त्या बलागावर कोन येत नाय. धाब्यावर निदान कुत्रं तरी येतं.”

ब्रश थांबला. बाईंनी समोरच्या बॅचकडे पाहिलं. मान खाली घालून, कंटाळलेल्या बोटांनी पोरं ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ बडवत होती.

दुसऱ्या दिवशी सरावाचा उतारा बदलला. दोन ताटं सांगणाऱ्या ट्रकवाल्याचा उतारा आला.

हीच बाईंची सगळी युक्ती, आणि ती टायपिंगच्या बाईंनाच सुचू शकते. त्यांचं म्हणणं असं की टाइप करणारा जेवढं वाचतो तेवढं जगात कुणी वाचत नाही. अक्षर न् अक्षर त्याच्या बोटाखालून जातं. कागदाच्या तळाला प्रत्येकाने एक ओळ लिहायची : लिहिणाऱ्याला काय विचारावंसं वाटतं? त्या ओळी बाई अंकुशच्या लेखाखाली अभिप्राय म्हणून घालायच्या, विद्यार्थ्याच्या नावानिशी. पहिल्याच दिवशी बावीस पोरांनी एकच प्रश्न विचारला. दुसरं ताट कुणाचं?

अंकुश मिळेल त्या जीपने मुरबाडला आला. “ह्यांना काय सांगू? मला बी म्हाईत नाय.”

“मग विचार त्याला.”

त्याने विचारलं. ताट धाकट्या भावासाठी होतं. तोही ट्रकवरच, तासाभराने मागून येणारा. दोघांचं बोलणं बंद होतं. मोठा ताट झाकून जायचा, धाकटा येऊन न विचारता खायचा, आणि दोघांपैकी कुणीही त्याबद्दल कधी शब्द काढायचा नाही. अंकुशने तो दुसरा लेख लिहिला, तो वाचून माझी तर जीभच बंद झाली. माझी. विचारा कुणालाही.

मग इतर यायला लागले. किन्हवलीची एक मुलगी, शहापूरच्या दोन अंगणवाडी सेविका, आसनगावहून रोज कल्याणला कामाला जाणारा एक लाइनमन, एक कंपाउंडर. सगळे लिहीत होते आणि कुणालाही वाचक नव्हता. मीही आले. मी पत्रकंच लिहायचे, फक्त आता ब्लॉगवर.

इथे एक फजिती सांगितली पाहिजे, कारण बाईंना ती लपवलेली आवडली नसती. पहिले पाच-सहा महिने आम्ही सगळे टायपिंग क्लासच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहीत होतो. माळ्यावरच्या तिन्ही संगणकांवर ते सुंदर दिसायचं. बाईंनी अभिमानाने नाशिकच्या एका मैत्रिणीला पत्ता कळवला. तिचं उत्तर आलं : ‘कुंदा, पान उघडलं. की-बोर्डवरून मांजर चालत गेलं आहे का?’ बाहेरच्या कुठल्याही संगणकावर आमचं मराठी मराठीच दिसत नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. सहा महिने आम्ही जगासाठी लिहितोय असं समजत होतो आणि वाचू शकणारे काय ते माळ्यावरचे तीन संगणक.

बाईंनी फळ्यावर लिहिलं : ‘चूक माझी. सगळं पुन्हा टाइप.’ नवीन फॉन्टचा की-बोर्ड वेगळा. पन्नाशीच्या जवळ आलेल्या बाई, ज्यांची बोटं झोपेतसुद्धा चुकली नसती, त्या आता ‘क’ शोधत होत्या. नवशिक्यांच्या हातांवर बटणं दिसू नयेत म्हणून फडकं टाकतात. बाईंनी स्वतःच्या हातांवर फडकं टाकलं आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली, सगळ्या बॅचच्या देखत. पोरं आधी हसली. चौथ्या दिवशी हसायची थांबली. सगळे लेख बॅचेसनी मिळून पुन्हा टाइप केले, आणि त्या निमित्ताने पुन्हा वाचले.

त्यानंतर यादी निघाली. नाव ‘फलाट’. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे फलाट म्हणजे एस.टी. स्टँडचा, हे इथल्या कुणाला सांगावं लागत नाही. कुठल्या गावचं कोण, आज काय लिहिलं, आणि खाली बाईंची एक ओळ. यादी लावायची पद्धत अशी की ज्याला काल कुणी वाचलं नाही तो आज पहिला. ज्याला सगळ्यात जास्त वाचलं तो तळाला. माझ्यासारखी, जिचं वादावादीचं लिखाण लोक धावून वाचायचे, ती कायम तळाला. मी कुरकुर केली.

“तुझं घर रस्त्यावर आहे. तुला पाटी कशाला?” बाई म्हणाल्या.

दुसरी अट अशी : स्वतःचा नवीन लेख यादीत घालायचा तर आधी दुसऱ्या तिघांचं वाचून त्यांना काहीतरी लिहायचं. खरोखर वाचलं आहे हे कळेल असं. या अटीवर शहापूरचे देसले सर आपटले. सर निवृत्त मुख्याध्यापक, कविता करायचे, रोज एक. एका दुपारी बाईंनी त्यांना माळ्यावर बोलावलं आणि समोर कागद ठेवला.

“सर, हे तुमचे अभिप्राय. एकतीस. सगळीकडे ‘छान’.”

“छान होतं, म्हणून छान लिहिलं, बाई.”

“किन्हवलीच्या मुलीने तिची म्हैस मेली ते लिहिलंय. त्याखाली पण छान.”

“भाषा छान होती.”

“म्हशीला कळवते.”

सरांचा चेहरा मी विसरणार नाही. चाळीस वर्षं पोरांना उभं केलेला माणूस उभा होता. बाईंनी खुर्ची पुढे सरकवली, संगणकावर तो लेख उघडला आणि बॅचकडे निघून गेल्या. सरांनी लेख वाचला. मग वर्गात तपासायचे तसा पुन्हा वाचला. मग एका बोटाने टाइप करून विचारलं : म्हशीचं नाव काय होतं? त्या मुलीने उत्तरादाखल नवा लेखच लिहिला, आधीच्या दुप्पट. पुढे सरांइतकं मन लावून वाचणारं यादीत कुणी नव्हतं. कविता त्यांनी थांबवल्या नाहीत, ते कुणालाच जमलं नसतं. पण बाई त्यांच्याखालीही ओळ लिहायच्या. एक मला पाठ आहे : ‘सरांची कविता. सूर्य आजही मावळला आहे, पण तिसऱ्या कडव्यात सरांच्या आईचा हात येतो, तेवढ्यासाठी उघडा.’ आणि लोक उघडायचे. आईचा हात खरंच तिथे असायचा.

असं अडीच वर्षं चाललं. पुण्याचे, नागपूरचे, परदेशातले वाचक यायला लागले. परदेशातून कुणीतरी कंपाउंडरला विचारायचं, त्या आजोबांचा खोकला थांबला का. कंपाउंडर दुसऱ्या दिवशी आजोबांना गाठून उत्तर आणायचा. ‘खोकला आहे. पण तुम्ही विचारलंत म्हणून दिवसभर सगळ्यांना सांगत होते.’

यादी मोठी झाली, फुकटचं पान पुरेना, सारखं अडकायला लागलं. २००८ च्या दिवाळीनंतर मुंबईच्या एका कंपनीचा माणूस आला. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, तिने पुढे ते स्वतःच बदललं आणि नंतर गाशा गुंडाळला. शहापूरला एका शाळेच्या वर्गात आमची सभा झाली. माणूस सभ्य होता. आमचे लेख वाचून आला होता, किन्हवलीच्या मुलीला म्हशीचं नाव घेऊन विचारपूस केली त्याने. यादी तुमची, सर्व्हर आमचा, वाचक दहापट, असं म्हणाला. दहापट म्हटल्यावर वर्गातले चेहरे मी पाहिले. माझा आरशात पाहिला नाही, पण वेगळा नसणार.

बाईंनी एकच विचारलं. “खालचा वर कसा येईल?”

“सगळं आहे तसंच राहील, मॅडम.”

बाई माझ्याकडे वळल्या. “पत्रक, लेखी घ्यायचं का?”

आता मी कोण ते लक्षात घ्या. लेखी आश्वासनाशिवाय मी कुठल्याच कचेरीच्या दारातून उठलेली नाही. एकदा एका साहेबाला जेवायला जाऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी मी म्हणाले, “बाई, हे आपल्यातलेच आहेत. तहसीलदार थोडेच आहेत.”

सगळ्यांनी हात वर केले. बाईंनी केला नाही, पण विरोधही केला नाही. बहुमत झालं म्हणाल्या. यादीचा पासवर्ड त्यांनी एका कागदावर टाइप करून आणला होता, वर ‘प्रति’, खाली सही, असा रीतसर, आणि तो त्या माणसाच्या हातात दिला.

दोन-अडीच महिन्यांनी तो मंगळवार आला. बाईंनी यादी पाहिली, खाली-वर केली, मग मोबाइलचा आवाज मोठा करून कंपनीच्या त्या माणसाला फोन लावला. अख्खी बॅच ऐकत होती.

“मॅडम, ती सिस्टिम आहे. लोकांना जे आवडतं ते आपोआप वर येतं.”

“जे त्यांनी बघितलंच नाही, ते आवडलं नाय हे कसं कळलं?”

“शेवटी वाचकच ठरवतो ना, मॅडम.”

“वाचक पहिल्या पानावर दमतो. मी पण दमते. म्हणून तर तशी लावत होते.”

“पण चांगलं लिखाण असेल तर ते वर येईलच.”

खाली गिरणी चालू होती.

“वरचे वर आणि खालचे खाली, हे मला नवीन नका सांगू, साहेब. आमच्या घराण्याला ते पाठ होतं. वडिलांनी आख्खं आयुष्य घालवलं ते पुसायला.”

“मी तुमचं मत पुढे कळवतो, मॅडम.”

फोन संपला. नव्या यादीत पहिलं नाव माझं होतं. मी ते पाहिलं होतं आणि बाईंनीही. त्या म्हणाल्या, “अभिनंदन, पत्रक.” टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तो टोमणा नव्हता. मग पोरांकडे वळून, “चला, फडकी टाका,” आणि वर्ग सुरू.

मी कंपनीला निषेधाची पत्रं लिहिली, सह्या गोळा केल्या. उत्तर आलं ते यंत्राने पाठवलेलं : आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे. मला मात्र वाचक मिळत राहिले. खूप. ते मी परत पाठवले नाहीत, हेही इथे लिहिते. यादीच्या तळाची माणसं एकेक करून गप्प झाली. लाइनमन थांबला. किन्हवलीची मुलगी पावसाळ्यापर्यंत लिहीत होती. सरांनी शेवटची कविता टाकली, तिच्याखाली बाईंचा सोडून एकही शब्द आला नाही. बाई रोज दुपारी ती यादी उघडायच्या, थेट शेवटच्या पानावर जायच्या आणि खालून वर वाचत यायच्या. प्रत्येकाला लिहायच्या. एकटी बाई किती जणांना पुरणार. आणि बाईंच्या ओळीशिवाय ती यादी म्हणजे टेलिफोनची डिरेक्टरी झाली होती. मी म्हटलं, आपण नवी काढू. त्या म्हणाल्या, “काढू. पण आता ते लिहितील का? एकदा तळाला टाकलेला माणूस परत रांगेत उभा राहत नाय गो.” दोन वर्षांत कंपनीने ते पानच बंद केलं. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ब्लॉग तिच्याच जागेवर हलवले होते. ते लेखही गेले.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते टोकावड्याला. घाटाकडच्या गावात आमची बैठक होती. जीप अंकुशच्या धाब्यावर जेवणासाठी थांबली. दुपारची वेळ, ट्रकवाल्यांची गर्दी. कोपऱ्यातल्या बाकावर बाई बसल्या होत्या, पुढ्यात एक जाडजूड रजिस्टर. मी हाक मारणार तेवढ्यात भट्टीजवळून अंकुशने मला हाताने थांबवलं.

“गप ऱ्हा गो. वाचतायत.”

“तू लिहितोस अजून?”

“बलाग बंद केला. लिवनं नाय.” तो भाकरीकडे बघत बोलत होता, नजर मात्र कोपऱ्यात. “दर दुसऱ्या ऐतवारी येतात. एस.टी.नं. मी बोललो, बाई, कशाला तरास घेता. तर म्हनाल्या, मी वाचल्याशिवाय तुला कळेल कसं काय ऱ्हायलंय ते.”

“मग?”

“मग काय. येनार म्हनून लिवायला लागतं.”

भाकरी जळली. त्याला कळलंच नाही, मी सांगितलं तेव्हा उलटली. बाईंनी पान उलटलं. पेन्सिलीने समासात काहीतरी लिहिलं, बहुतेक प्रश्न. शेजारच्या टेबलावर कुणीतरी मोठ्याने हसलं, बाईंनी मान वर केली नाही. त्यांचा ताटातला भात तसाच होता. जीपवाल्याने हॉर्न मारला, “चला ताई, घाट चढायचाय.” मी जेवले नव्हते. तशीच गेले. त्यांना त्या पानावरून उठवण्याइतकं महत्त्वाचं माझ्याकडे काही नव्हतं.

त्यानंतर वर्षभरात बाई गेल्या. मी तेव्हा जिल्ह्याबाहेर होते, देसले सरांनी फोन केला तेव्हा दोन दिवस होऊन गेले होते.

आता मागणी. कंपनीकडे मी काही मागत नाही, ती उरली नाही. तुमच्याकडे मागते. तुमच्या ओळखीत एक माणूस लिहितो. तुमच्या हापिसात असेल, बिल्डिंगमध्ये असेल, तुमची काकू असेल. त्याने तुम्हाला पत्ता पाठवला होता, तुम्ही उघडला नाही, आणि भेटल्यावर ‘बघतो’ म्हणालात. आजचा दिवस संपायच्या आत तो उघडा. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचा. मग त्याला एक खरा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर द्यायला त्याला पुन्हा लिहायला बसावं लागेल.

हा लेख कसा वाटला ते मला कळवू नका. मला वाचणारे आहेत. त्याला कळवा.